शाळांची लेव्ही पुन्हा मतपत्रिकेवर आली आहे: हा नवा कर आहे का, आणि ‘नाही’ म्हटलं तर काय होतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सिएटलच्या पूर्वेच्या उपनगरात तुम्ही तीन वर्षांपूर्वी घर घेतलंत, गेल्या वर्षी नागरिकत्व मिळालं, आणि आता पहिल्यांदाच टपालाने मतपत्रिका घरी आली आहे. विषय शाळांच्या चार वर्षांच्या लेव्हीचा, म्हणजे मतदारांनी मंजूर केला तरच लागणाऱ्या स्थानिक मालमत्ता कराचा. मुदत संपत आलेल्या लेव्हीच्या जागी ही येणार असं त्यावर छापलंय, पण रक्कम दरवर्षी चढती दिसते. राज्याने शाळांचा पूर्ण खर्च उचलावा असा राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल तुम्ही वाचला होता, आणि घरपट्टीच्या बिलात राज्याचा शाळा-कर वेगळा दिसतोच. मग हे परत कशासाठी? एक शेजारी म्हणतो नवा कर नाही, दुसरा म्हणतो डोळ्यांत धूळफेक आहे. आणि नामंजूर झाली तर खरोखर शिक्षक कमी होतात की ती नुसती भीती?

आधी माझं सांगतो. मी वॉशिंग्टन राज्यातल्याच एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, हिशेब खात्यात बरीच वर्षं बजेटचं काम करतो. माझ्या पगारातही लेव्हीचा वाटा आहे, तेव्हा माझं म्हणणं तेवढं वजा करून वाचा. शाळेची वेळ आणि साधनं वापरून प्रचार करायला इथे कायद्याने बंदी आहे. मी हे घरून लिहितोय, आणि ‘हो’ म्हणा की ‘नाही’ म्हणा हे सांगणारही नाही.

दोन्ही शेजारी अर्धे बरोबर आहेत. घोळ होतो कारण मतपत्रिकेवर दोन प्रकारचे आकडे असतात: दरवर्षी गोळा करायची एकूण रक्कम, आणि हजार डॉलर किमतीमागे अंदाजे दर. तुम्ही मंजुरी देता ती एकूण रकमेला. दर हा नुसता अंदाज असतो. बहुतेक लोक दर वाचतात आणि तिथेच फसतात. त्याचं गणित पुढे मांडतो, आधी कोर्टाचं बघू.

वॉशिंग्टनच्या राज्यघटनेत मुलांच्या शिक्षणाची पुरेशी तरतूद करणं हे राज्याचं सर्वोच्च कर्तव्य म्हटलंय. त्याच्या आधारे मॅक्लिअरी खटला उभा राहिला. जानेवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की राज्य हे कर्तव्य पार पाडत नाही. विधिमंडळ टाळाटाळ करतंय म्हटल्यावर २०१४ मध्ये कोर्टाने राज्याला अवमानाबद्दल दोषी धरलं आणि ऑगस्ट २०१५ पासून दिवसाला एक लाख डॉलर दंड सुरू केला. शेवटी २०१७ मध्ये विधिमंडळाने राज्याचा मालमत्ता कर वाढवला, स्थानिक लेव्हीवर मर्यादा घातली, आणि २०१८ मध्ये कोर्टाने प्रकरण बंद केलं. पण राज्याचा वाढीव कर २०१८ पासून लागला आणि स्थानिक लेव्हीची कपात २०१९ पासून, त्यामुळे २०१८ चं बिल पाहून भल्याभल्यांना घाम फुटला होता. ‘आम्ही एकदा भरलंय की’ हा राग त्या वर्षापासूनचा आहे, आणि तो मला अजिबात चुकीचा वाटत नाही.

पण कोर्टाने ज्याचा खर्च राज्यावर टाकला ते ‘मूलभूत शिक्षण’, आणि मूलभूत कशाला म्हणायचं याची व्याख्या विधिमंडळ करतं. ती व्याख्या एका नमुना शाळेच्या सूत्रात बसवलेली आहे. ४०० मुलांची प्राथमिक शाळा, ४३२ मुलांची मिडल स्कूल, ६०० मुलांचं हायस्कूल असं धरून प्रत्येकीला किती शिक्षक, किती समुपदेशक, किती नर्स हे त्यात ठरलेलं असतं. माझं आवडतं उदाहरण नर्सचं. २०२२ पर्यंत ४०० मुलांच्या प्राथमिक शाळेला हे सूत्र ०.०७६ नर्स देत होतं. आठवड्याचे ४० तास धरले तर जेमतेम तीन तास. मग मुलगा सोमवारी दुपारी खेळताना पडला किंवा मुलीला रोज ठरलेल्या वेळी इन्सुलिन द्यायचं असलं, तर? जिथे नर्स रोज दिसायची तिथे बाकीचे तास बहुतेक वेळा लेव्हीतून येत होते. २०२२ च्या कायद्याने हा आकडा टप्प्याटप्प्याने अर्ध्याच्या जरा वर नेला. पूर्ण वेळ नर्स त्यातही होत नाही.

कायद्याने लेव्हीचा पैसा ‘जादा’ गोष्टींसाठीच वापरायचा असतो, आणि मतदानाला जाण्याआधी तो कशावर खर्च करणार याचा आराखडा राज्याच्या शिक्षण कार्यालयाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. कागदावर हे सरळ आहे. प्रत्यक्षात जादा काय आणि गरजेचं काय ही रेघ पुसट आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांचंच घ्या. त्यांचं शिक्षण केंद्राच्या कायद्याने बंधनकारक, पण अशा मुलांचं प्रमाण एका टक्केवारीच्या पुढे गेलं की वरच्या मुलांसाठी राज्य जादा पैसे देत नसे. ही मर्यादा काही वर्षं १३.५ टक्के होती, मग १५ आणि १६ झाली, आणि २०२५ मध्ये काढून टाकली. तरीही खर्च आणि राज्याचं अनुदान यांत फट राहतेच, आणि ती बहुतेक डिस्ट्रिक्ट लेव्हीतूनच भरतात. याला ‘जादा’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण हा राज्याच्या कर्तव्याचा भाग स्थानिक मतदारांच्या गळ्यात मारण्याचा प्रकार आहे असं कोणी म्हटलं, तर त्यालाही माझ्याकडे चोख उत्तर नाही.

आता नवा की जुना. राज्यघटनेप्रमाणे नेहमीच्या मालमत्ता करांची बेरीज किमतीच्या एक टक्क्यावर जाऊ शकत नाही. शाळांची लेव्ही या मर्यादेबाहेरची, म्हणून ती मतदारांच्या मंजुरीशिवाय लागत नाही आणि कायमचीही नसते. कामकाजाची लेव्ही जास्तीत जास्त चार वर्षांची, इमारती-दुरुस्ती आणि तंत्रज्ञानाची सहा वर्षांपर्यंत. मुदत संपली की ती शून्य होते. तुमच्या मतपत्रिकेवरची लेव्ही जुनीच्या जागी येते म्हणून ‘नवा कर नाही’ हे खरं. पण ती जुनीएवढीच असेल असं कुठेच लिहिलेलं नाही. पगार, विमा, बसचं डिझेल वाढलं म्हणून डिस्ट्रिक्ट पुढच्या चार वर्षांची रक्कम चढती मागतं. म्हणून जुन्या लेव्हीच्या शेवटच्या वर्षाची रक्कम आणि नव्या लेव्हीच्या पहिल्या वर्षाची रक्कम शेजारी ठेवून बघा. खरी वाढ तिथे कळते.

पुण्या-मुंबईच्या घरपट्टीची सवय असली तर इथे हमखास गोंधळ होतो. तिथल्या बिलात शिक्षण कराची ओळ असते, तो कर १९६२ च्या राज्य कायद्याने लागलेला, त्याचे दर कायद्याने ठरलेले, आणि त्यावर आपल्याला कोणी मत विचारत नाही. तिथे करपात्र किंमत वाढली की कर वाढतो. इथली लेव्ही सोसायटीच्या रंगकामाच्या वर्गणीसारखी असते: एकूण खर्च आधी ठरतो, मग तो सभासदांत वाटला जातो. सगळ्यांच्या फ्लॅटची किंमत दुप्पट झाली म्हणून रंगाचा खर्च दुप्पट होत नाही.

आकड्यांत मांडतो. आकडे सोयीचे घेतलेत, तुमच्या डिस्ट्रिक्टचे नाहीत. समजा डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्या मालमत्तेची किंमत ५० अब्ज डॉलर आणि मंजूर लेव्ही ५ कोटी. दर झाला हजारामागे एक डॉलर. तुमचं घर १२ लाखांचं, म्हणजे वर्षाला १,२०० डॉलर. पुढच्या वर्षी सगळ्यांच्या किमती दहा टक्के वाढल्या आणि लेव्ही ठरल्याप्रमाणे चार टक्के वाढून ५ कोटी २० लाख झाली. दर उतरून साधारण साडेचौऱ्याण्णव सेंटवर आला. घर आता १३ लाख २० हजारांचं, कर १,२४८ डॉलर. दर उतरला तरी कर बरोबर चार टक्के वाढला, लेव्हीइतकाच. प्रचाराच्या पत्रकात ‘दर कमी होणार’ हे ठळक अक्षरांत असतं. ते खोटं नसतं, पण तुमच्या खिशाबद्दल त्यातून काहीही कळत नाही.

तुमचा वाटा बदलतो तो तुमचं घर इतरांपेक्षा वेगळ्या गतीने वाढलं तर. वरच्याच उदाहरणात बाकीच्यांचं दहा टक्के आणि तुमचं वीस टक्के वाढलं असतं, तर कर साधारण १,३६१ डॉलर झाला असता. ऑफिसच्या इमारतींच्या किमती पडल्या तर त्यांचा भार घरांवर सरकतो. नवीन बांधकाम पुष्कळ झालं तर उलट, वाटेकरी वाढतात. यातलं काहीच शाळेच्या हातात नसतं, आणि कोणी चार वर्षांचा डॉलरपर्यंतचा कर छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

मंजूर झालेली सगळी रक्कम गोळा होईलच असंही नाही. कामकाजाच्या लेव्हीला राज्याने टोपण लावलंय. २०१९ च्या कायद्याप्रमाणे हजारामागे अडीच डॉलर किंवा दर विद्यार्थ्यामागे २,५०० डॉलर, यांतलं जे कमी ते. ४०,००० च्या वर विद्यार्थी असलेल्या डिस्ट्रिक्टला, म्हणजे व्यवहारात सिएटलला, ३,००० डॉलर. हे विद्यार्थ्यामागचे आकडे महागाईनुसार वाढत गेले, आणि २०२५ च्या कायद्याने ते आणखी वाढवले. सिएटलच्या आसपास घरं महाग असल्याने आपण आधी विद्यार्थ्यामागच्या मर्यादेला अडकतो. त्यामुळे विद्यार्थी घटले तर मतदारांनी मंजूर केलेली रक्कमही पूर्ण घेता येत नाही. बजेट करताना मी मंजूर आकड्यापेक्षा पटसंख्येच्या अंदाजाकडे जास्त बघतो, ते याचसाठी.

याकिमा खोऱ्यासारख्या भागात घरं स्वस्त, त्यामुळे तिथे अडीच डॉलरची मर्यादा आधी लागते आणि तेवढ्या दरातही हातात फारसं येत नाही. अशा डिस्ट्रिक्टना राज्य वरून पूरक मदत देतं, पण ती लेव्ही मंजूर झाली तरच. तिथे ‘नाही’ म्हणजे दुहेरी तोटा. पूर्वेच्या उपनगरांत हा मुद्दा सहसा लागू होत नाही, म्हणून दुसऱ्या भागातल्या मित्राचा युक्तिवाद इथे जसाच्या तसा आणू नका.

नामंजूर झाली तर काय, हे समजायला कॅलेंडर लागतं. शाळांचं आर्थिक वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट, आणि कर गोळा होतो जानेवारी ते डिसेंबरच्या हिशेबाने, ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबर अशा दोन हप्त्यांत. जुनी लेव्ही डिसेंबरात संपत असेल तर तिच्या जागची लेव्ही त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत, दुसऱ्या मंगळवारी, मतदानाला येते. फेब्रुवारीत पडली तर दुसऱ्या दिवशी शाळेत काहीही बदलत नाही, ऑक्टोबरचा हप्ता जुन्या लेव्हीतून यायचाच असतो. मोठा फटका पुढच्या वर्षीचा एप्रिलचा हप्ता येत नाही तेव्हा बसतो, म्हणजे शाळेच्या वर्षाच्या मध्यावर. आणि त्याच्या पुढच्या वर्षी दोन्ही हप्ते नाहीत.

पण कपातीचा निर्णय तेवढं थांबत नाही. शिक्षकाचा करार पुढच्या वर्षी चालू ठेवायचा नसेल तर कायद्याप्रमाणे साधारण १५ मेपर्यंत नोटीस द्यावी लागते. एका वर्षात लेव्ही दोनदाच मतदानाला नेता येते, म्हणून फेब्रुवारीत पडली की बहुतेक डिस्ट्रिक्ट एप्रिलच्या चौथ्या मंगळवारची तारीख धरतात. तिथला निकाल आणि १५ मे यांच्यात तीन आठवडेही धड उरत नाहीत. म्हणून मार्चमध्ये कपातीच्या दोन याद्या तयार ठेवतात, आणि त्या वर्तमानपत्रांत आल्या की लोकांना धमकी वाटते. काही वेळा तिला धमकीचा वास असतोही. ज्यामुळे आईबाप चिडतील, बँड किंवा खेळ, तेच यादीत सगळ्यात वर ठेवायचा मोह डिस्ट्रिक्टला होतो. यादीत मुख्य कार्यालयातली पदं किती आहेत ते बघा, त्यावरून नियत कळते.

भीती पोकळ नाही, हेही तेवढंच खरं. सिएटलच्या उत्तरेला मेरिसव्हिलमध्ये २०२२ मध्ये लेव्ही दोन्ही वेळा पडली. २०२३ मध्ये मतदारांनी ती मंजूर केली, पण मधल्या काळात तिथला ताळेबंद एवढा ढासळला की डिस्ट्रिक्ट राज्याच्या आर्थिक देखरेखीखाली गेलं. त्यामागे घटती पटसंख्या वगैरे इतर कारणंही होती, सगळं खापर लेव्हीवर फोडता येत नाही. २०२४ मध्ये मोझेस लेकमध्येही दोनदा पडली. आणि जुना दाखला हवा असेल तर सिएटलचाच आहे. १९७५ मध्ये तिथली लेव्ही दोनदा पडली, डिस्ट्रिक्टने राज्यावर खटला भरला, आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्याची जबाबदारी स्पष्ट केली. मॅक्लिअरीची मुळं तिथे आहेत. एकदाच पडून एप्रिलमध्ये मंजूर झाली, तर मात्र नुकसान सहसा काही घाबरलेल्या तरुण शिक्षकांच्या दुसरीकडे निघून जाण्याइतकं राहतं. ते बजेटमध्ये दिसत नाही, वर्गात दिसतं.

ठरवायच्या आधी मी तुमच्या जागी असतो तर तीन कागद उघडले असते. एक, डिस्ट्रिक्टचं मंजूर बजेट, ज्याला आम्ही एफ-१९५ म्हणतो, आणि वर्षअखेरीचा हिशेब, एफ-१९६. दोन्ही सार्वजनिक असतात. त्यात शिल्लक किती ते बघा. खर्चाच्या पाच टक्क्यांच्या आसपास असेल तर ती गरजेची गंगाजळी आहे. दरवर्षी फुगत जाऊन खूप वर गेली असेल, तर लेव्ही का वाढवता हा प्रश्न बोर्डाच्या बैठकीत विचारायला हरकत नाही. दुसरा कागद पटसंख्येचा अंदाज. मुलं कमी होत असताना शाळा आणि कर्मचारी तेवढेच असतील, तर लेव्ही मंजूर होऊनही दुखणं चार वर्षांनी परत येईल. तिसरा, राज्याच्या ऑडिटरचा अहवाल. कंटाळवाणा असतो, पण पहिल्या दोन पानांत कळायचं ते कळतं. यानंतर तुम्ही ‘नाही’ म्हणालात तरी मी वाद घालणार नाही. नुसत्या दराच्या आकड्यावर ठरवलंत, मग ‘हो’ असो की ‘नाही’, तर घालीन.

मूल दोन वर्षांचं आहे म्हणून आत्ता आपला काय संबंध, असं तुम्ही ओझरतं म्हटलंय. ही लेव्ही पुढच्या जानेवारीपासून चार वर्षं चालेल. ते मूल तिच्यातच किंडरगार्टनला जाईल.

मताधिकाराबद्दल. तुमचा एच-वन-बी व्हिसावरचा मित्र घराचा मालक असून कर भरतो, पण मत देऊ शकत नाही. ग्रीन कार्डवालाही नाही. भाड्याने राहणारा नागरिक देऊ शकतो, आणि कराचा वाटा भाड्यातून त्याच्याही खिशातून जातो. हे अन्यायाचं वाटतं खरं, पण शाळेच्या बोर्डाच्या बैठकीत बोलायला नागरिकत्व विचारत नाहीत, आणि बजेटवर बोलायला तिथे फार लोक येत नाहीत. आई-वडील किंवा सासू-सासरे स्वतःच्या नावावरच्या घरात इथे राहत असतील, वय ६१ पूर्ण असेल आणि उत्पन्न काउंटीच्या मर्यादेत असेल, तर सवलतीचा अर्ज करून अशा लेव्हींपासून सूट मिळते. आपोआप मिळत नाही, अर्ज असेसरकडे, म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्या काउंटीच्या अधिकाऱ्याकडे, करायचा असतो.

मतपत्रिकेवर बॉण्डही असेल तर तो वेगळा विषय. बॉण्ड म्हणजे इमारतींसाठी कर्ज, त्याला ६० टक्के मतं लागतात आणि मागच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या ४० टक्के तरी मतदान व्हावं लागतं. लेव्हीलाही २००७ पर्यंत ६० टक्केच लागत. त्या नोव्हेंबरात घटनादुरुस्ती अगदी काठावर मंजूर झाली आणि तेव्हापासून साधं बहुमत पुरतं. घरपट्टीच्या बिलात लेव्ही आणि बॉण्डची परतफेड हे दोन्ही ‘लोकल स्कूल सपोर्ट’ या एकाच ओळीत येतं, तेव्हा ती सगळी रक्कम या लेव्हीची समजू नका. राज्याचा शाळा-कर वेगळ्या ओळीत असतो, आणि तुमच्या मताचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही.

शेवटचं, पहिल्यांदा मत देताय म्हणून. पाकिटाला तिकीट लागत नाही. मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत ड्रॉप बॉक्समध्ये टाका. टपालाने पाठवलंत तर शिक्का त्या दिवसापर्यंतचा हवा, म्हणून शेवटच्या दिवशी संध्याकाळी टपालपेटीच्या भरवशावर राहू नका. पाकिटावरची सही नोंदणीच्या वेळच्या सहीशी ताडून बघतात. आपल्यातले बरेच जण बँकेत एक आणि लायसन्सवर दुसरी सही करतात, काहींची एक देवनागरीत असते. नोंदणीला जी केली तीच करा. जुळली नाही तर काउंटीचं पत्र येतं. त्याला वेळेत उत्तर दिलंत तरच मत मोजलं जातं.